मागचे दोन लॉक

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

बुधवार, २१ जानेवारीला काय झालं ते मला कळलं तसं आधी लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

१. सकाळी बाबा भरलेला कंटेनर घेऊन बंदराच्या यार्डात शिरले आणि क्रेनखालच्या रांगेत लागले.

२. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांवर चार लॉक असतात. प्रवासात कंटेनर हलू नये म्हणून ते लावलेले असतात. क्रेनने कंटेनर उचलण्याआधी चारही उघडायचे, नाहीतर कंटेनरबरोबर ट्रेलरही वर जातो.

३. बाबांचा नंबर आला. क्रेनवाल्याने कंटेनर उचलला. पुढचे दोन लॉक उघडे होते. मागचे दोन बंद होते.

४. ट्रेलर मागून उचलला गेला. क्रेनवाल्याच्या लक्षात येईपर्यंत तो तिरका झाला होता. मग तो आदळला. बाबा केबिनमध्येच होते.

५. बाबांच्या पाठीचे दोन मणके दबले.

६. चौकशीच्या साहेबांना बाबा म्हणाले, "मी विसरलो." त्यापुढे एक शब्द नाही.

७. त्यांचा बंदराचा पास थांबवला आहे. ९ मार्चला सुनावणी आहे. त्यात निष्काळजीपणा ठरला की पास कायमचा रद्द. मालक त्यांना पाठ बरी झाल्यावर यार्डात बसून करायचं हलकं काम द्यायला तयार आहेत, पण पास नसलेला माणूस गेटच्या आत पाऊल टाकू शकत नाही.

आता मला न पटणारी गोष्ट.

एक लॉक विसरला असता तर मी समजले असते. चारही विसरले असते तरी समजले असते. मी रोज लिफ्ट तपासते आणि माणसं काय काय विसरतात ते बघते. पण विसरणारा माणूस असा मापून मधोमध विसरत नाही. पुढचे दोन्ही उघडे आणि मागचे दोन्ही बंद, म्हणजे कामाची वाटणी झालेली होती आणि दोघांपैकी एकाने आपला वाटा केला नाही. दुसरा कोण होता?

फोनवर मी हेच विचारलं तेव्हा तू "बघू" म्हणालास, आणि गेटवर नंबर आला म्हणून फोन ठेवलास. मागे कुकरची शिटी झाली. गेटवर कुकर नसतो.

म्हणून लिहून विचारते. रांगेत बाबांच्या लगेच मागे कोणाची गाडी होती?

धाकटी


९ फेब्रुवारी

लिफ्टबाईस,

तुझं पत्र पोस्टमनने हातात दिलं तेव्हा आईला वाटलं कोर्टाचं समन्स आलं. वाचून झाल्यावर मलाही तेच वाटलं. भावाला पत्र लिहिताना आकडे घालणारी तू पहिलीच असशील.

कुकर आमचाच. घरी होतो. तुझ्याशी बोलायचा जीव नव्हता, म्हणून गेट सांगितलं. पकडलंस, बरं वाटलं असेल.

बाबा विसरले, एवढंच आहे. वय झालंय. मी डिसेंबरातच टपरीवर चहा घेताना सगळ्यांसमोर बोललो होतो, की हा माणूस आता स्टिअरिंगवर बसता कामा नये. कुणीतरी त्यात तिखटमीठ लावून त्यांना सांगितलं. त्या दिवसापासून त्यांचा माझ्याशी अबोला. तू जानेवारीत आलीस तेव्हा बघितलंसच. एका घरात राहायचं, एका यार्डात गाड्या चालवायच्या, आणि "त्याला म्हणावं दिवा बंद कर" हे आईने मला सांगायचं, मी दिव्याखालीच बसलेलो असताना. आईची आमची टेलिफोन एक्स्चेंज झाली होती. तिला या वयात रात्रपाळीसुद्धा लागायची.

आता ते पुढच्या खोलीत पडून असतात. पाठीला रुंद पट्टा आहे. कुशीवर वळायला दोन माणसं लागतात, त्यातला एक मी असतो. मी आलो की डोळे मिटतात.

मी रांगेत बराच मागे होतो. मला काही दिसलं नाही. आवाज झाला तेव्हा धावलो. तुझी वाटणीबिटणी मला कळत नाही. इथे सगळे सगळ्यांचं बघतात, तू असं बोट ठेवून माणूस शोधू नकोस. चौकशीत बाबा सांगतील ते खरं. तुझ्या वहिनीचे दिवस भरत आलेत. घरात आणखी तमाशा नको.

तुझी तब्येत सांभाळ. जेवत जा वेळेवर.

दादा


१३ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या पत्रातलं पाठीच्या पट्ट्याचं, एक्स्चेंजचं आणि वहिनीचं खरं आहे. बाकीचं मी तपासलं.

प्रोफेसरांशी फोनवर बोलले. रांगेत वर्तमानपत्र वाचत बसतात म्हणून तुम्ही ज्यांना प्रोफेसर म्हणता, तेच. ते आधी पाऊसपाण्याचं बोलले, मग बाबांच्या पाठीचं. मी फोन ठेवला नाही. शेवटी त्यांनी मला तुमच्या रांगेची रीत सांगितली, आणि हे तुझ्या घरातल्या कोणाला सांगू नकोस असंही म्हणाले. त्यांना हे कळायला हवं होतं की मीही त्या घरातलीच आहे.

रीत अशी. ट्रेलर लांब असतो. प्रत्येकाने स्वतःच्या गाडीच्या शेपटापर्यंत चालत जाऊन परत यायचं म्हटलं तर रांग पुढे सरकायला वेळ लागतो. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर केबिनमागचे आपले पुढचे दोन लॉक उघडतो, आणि आपल्या तोंडासमोर असलेले पुढच्या गाडीचे मागचे दोन उघडतो. त्याचे स्वतःचे मागचे दोन त्याच्या मागचा उघडतो. उघडून झाले की कंटेनरच्या पत्र्यावर थाप मारायची, म्हणजे पुढच्याला कळतं. रांगेत जो शेवटचा, तो तेवढा चालतो. हे नियमात बसत नाही, सुपरवायझरना माहीत आहे, आणि बाबा नोकरीला लागले त्याच्या आधीपासून चालू आहे.

म्हणजे बाबांचे मागचे दोन लॉक त्यांचं काम नव्हतंच. त्यांच्या मागच्याचं होतं.

त्यांच्या मागे तू होतास. तुझ्या मागे प्रोफेसर होते. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत देते: "तुझा दादा उतरला. बापाच्या गाडीकडे गेला. मधेच थबकला. मग मान खाली घालून परत फिरला आणि आपल्या केबिनमध्ये जाऊन बसला." मी विचारलं, त्याने लॉकना हात लावला का? ते म्हणाले, वर्तमानपत्र चांगलं असतं बाई, दिसतं ते झाकता येतं. म्हणजे नाही.

तू मला लिहिलंस की तू बराच मागे होतास.

मी आता एकही पायरी न गाळता लिहिते. डिसेंबरात तू बाबांना गाडीवरून उतरवायचं म्हणत होतास. ते उतरले नाहीत. तुमचा अबोला झाला. मग एके सकाळी तू त्यांच्या मागे उभा होतास, बंद लॉक तुझ्या समोर होते, तू त्यांच्याकडे गेलास आणि न उघडता परत आलास. आता ते गाडीवरून उतरले आहेत. त्यांची गाडी दुरुस्त होऊन आली आहे आणि ती तू चालवतोस, हेही प्रोफेसरांनीच सांगितलं.

याचा अर्थ मला लागत नाही असं मी म्हणणार नाही. लागतो. तो मला नको आहे, एवढंच.

तू का परत फिरलास?

धाकटी


२० फेब्रुवारी

हो.

बाबांच्या मागेच होतो. उतरलो, पुढे गेलो, परत आलो. लॉक उघडले नाहीत. मला वाटलं ते स्वतः उघडतील. आता झालं तुझं समाधान?

परत का फिरलो ते विचारू नकोस. कितीही पत्रं पाठवलीस तरी ते सांगणार नाही. तुला जे समजायचं ते समज. चौकशीत कुणाचं नाव द्यायची खाज असेल तर माझं दे, मी नाही म्हणणार नाही. बाबांचा पास वाचत असेल तर माझा जाऊ दे. पण त्यांनी एकदा "मी विसरलो" लिहून दिलंय आणि ते मागे घेत नाहीत. आई मधे पडली, तिलाही ऐकत नाहीत.

त्यांची गाडी मी चालवतो कारण मालक ती नव्या माणसाला देत होते. त्याने पहिल्याच दिवशी सीट पुढे ओढली आणि आरसा फिरवला. मला ते बघवलं नाही. मी माझी गाडी त्याला दिली आणि ही घेतली. आरसा बाबांच्या मापाला परत लावलाय. मला त्यात मान वाकडी करून बघावं लागतं. हेही तुझ्या पायऱ्यांत कुठे बसतं का बघ.

एकच सांगतो. तू यात स्वतः उतरू नकोस. तुझं तिकडचं काम बरं चाललंय, ते चालू दे. यापुढे खणत गेलीस तर तुलाच जड जाईल.

दादा


२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

पाठीवर पडून लिहितोय, त्यामुळे अक्षर चढावर चढल्यासारखं आलंय. समजून घे. तुझी आई दळण आणायला गेली आहे आणि सूनबाई झोपली आहे, तेवढ्यात लिहून होईल.

तुझं पत्र आल्यापासून दादा ताटावर बसतो आणि उठतो. सूनबाईने मला विचारलं, बाबा, ताईंनी असं काय लिहिलंय. मला ठाऊक नाही, पण तुझा स्वभाव ठाऊक आहे. लहानपणी घरातलं घड्याळ उघडून बसायचीस, तसं दादाला उघडून बसली असशील. त्याला टोचू नकोस, बाळ.

आता लिहितो ते तुझ्यापाशी ठेव. दादालाही सांगू नकोस.

आमचा अबोला होता तरी रांगेत तो माझ्या मागे लागला की माझे मागचे लॉक उघडायचा. महिनाभर उघडले. थाप तेवढी मारत नसे. मी आरशात बघायचो, उतरतोय, माझ्याकडे येतोय, मग ट्रेलरच्या आड जायचा. मला कळायचं की झालं. मला त्या थापेची गरज नव्हती.

जानेवारीत आई म्हणाली, हा हल्ली दोन गाड्यांच्या मधे पाय ठेवत नाही. कुणासाठीच ठेवत नाही, सगळ्या रांगेला सांगून टाकलंय, तुम्हीही आपलं आपण बघा. तिने निरोप नीट पोचवला, तिची चूक नाही. मी ऐकलं. मला वाटलं, बापाचं तर करेल.

त्यानंतर तो माझ्या मागे पहिल्यांदा लागला तो अपघाताच्या दिवशीच. मी आरशात बघितलं. उतरला. माझ्याकडे यायला लागला. मग आड गेला. थाप काही आली नाही, पण ती महिनाभर येतच नव्हती. मी म्हटलं, झालं. गाडी पुढे घेतली.

म्हणजे चूक माझीच. उतरून बघायला हवं होतं. मी साहेबांना खोटं नाही सांगितलं.

आणि समजा रांगेचं सगळं सांगितलं, तर पहिला पास दादाचा जाईल, मग प्रोफेसरचा, मग सगळ्यांचा. त्याच्या घरी पाळणा हलायचाय. माझं काय, मी गेटबाहेरच्या टपरीवर बसून आतल्या गाड्या बघेन.

मनात एवढंच येतं की एवढं जवळ येऊन तो का परत गेला. पण ते मी त्याला विचारणार नाही. तूही विचारू नकोस.

बाबा


१ मार्च

प्रिय दादा,

परत का फिरलास ते मी आता विचारत नाही. मला कळलं आहे.

मी तुला पाठवलेल्या हकिकतीत एक मुद्दा कमी होता. तो सगळ्यांच्या आधी यायला हवा, म्हणून त्याला शून्य आकडा देते.

०. शनिवार, १० जानेवारी. मी घराची किल्ली द्यायला यार्डाच्या गेटवर आले होते. जाळीतून मला तू दोन गाड्यांच्या मधून बाहेर येताना दिसलास. तू बाहेर पडतोस न पडतोस तोच पुढची गाडी थोडी मागे सरकली. तू तिथे काय करत होतास ते मी विचारलं नाही. मला जे दिसलं ते पुरेसं वाटलं. त्या संध्याकाळी वहिनीसमोर मी तुला होणाऱ्या बाळाची शपथ घातली की यापुढे दोन गाड्यांच्या मधे पाय ठेवणार नाहीस. तू हसलास, म्हणालास बरं बाई, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलास. मला वाटलं, हसण्यावारी नेलंस. रविवारी मी परत आले.

तू ती पाळलीस. सगळ्या रांगेला सांगितलंस. बाबांना आईकरवी कळवलंस. २१ तारखेला सवयीने उतरलास, पुढे निघालास, आणि शपथ आठवली म्हणून थांबलास. तुला वाटलं, बाबांना निरोप मिळालेला आहे, ते आपले उघडतील. निरोप मिळाला होता.

हे मला कोणी सांगितलेलं नाही. बाबांचं पत्र आलं आणि त्यात आईच्या तोंडी माझेच शब्द होते, दोन गाड्यांच्या मधे. शपथ कोणी घातली ते बाबांना माहीत नाही. आईलाही तू सांगितलेलं नाहीस. वहिनीला तू गप्प राहायला लावलं असशील, असा माझा अंदाज आहे.

"तुलाच जड जाईल" हे मी धमकी म्हणून वाचलं होतं. आठवडाभर तसंच धरून बसले होते. त्याबद्दल समोर आल्यावर बोलेन, कागदावर मला ते जमणार नाही.

माझ्या कामात एक नियम आहे. लिफ्टचा एक भाग बदलला तर तो उरलेल्या भागांशी जुळतो का हे पाहिल्याशिवाय लिफ्ट चालू करायची नाही. नवा भाग जुन्यापेक्षा चांगला असला तरी नाही. मी रांगेतला एक माणूस बदलला आणि गाडीत बसून निघून आले. दोन गाड्यांच्या मधे उभं राहणं धोक्याचं आहे, हे मी अजूनही म्हणते. पण ते एकट्या तुला सांगून भागणार नव्हतं.

बाबांनी मला लिहिलेलं तुला सांगू नये असं त्यांनी लिहिलं आहे. मी त्यांचं ऐकत नाही. दोन गोष्टी तुला माहीत असायला हव्यात. अबोल्यात तू थाप न मारता त्यांचे लॉक उघडत होतास, ते त्यांना कळत होतं. ते रोज आरशात तुला बघायचे. आणि आईचा निरोप ऐकून त्यांना काय वाटलं ते त्यांच्याच शब्दांत: "मला वाटलं, बापाचं तर करेल."

त्या दिवशीही त्यांनी तुला आरशात उतरताना बघितलं होतं. पुढे येतानाही. नंतर तू ट्रेलरच्या आड गेलास, म्हणून परत फिरलेला त्यांना दिसला नाहीस. ते धरून चालले की झालं. आता पडल्या पडल्या ते एवढाच विचार करतात, की एवढं जवळ येऊन मुलगा बापाच्या लॉकना हात न लावता का गेला. तू खोलीत आलास की ते डोळे मिटतात, त्याचं कारण हे आहे. तुला वाटत असेल अजून डिसेंबरचाच राग आहे.

सुनावणीसाठी मी एक निवेदन तयार केलं आहे. त्यात रांगेची रीत आहे, ती कोणा एकाची नाही आणि सुपरवायझरांच्या डोळ्यांदेखत चालते हे आहे, आणि मी घातलेली शपथ माझ्या नावानिशी आहे. शेवटी एक सूचना आहे: रांगेत शिरण्याआधी एक जागा आखून द्यावी, तिथे गाडी थांबवून ड्रायव्हरने आपले चारही लॉक स्वतः उघडावेत, मगच पुढे यावं. असं झालं तर दोन गाड्यांच्या मधे कोणालाच जावं लागणार नाही. प्रोफेसरांना मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, माझी सही पहिली घे, नाहीतर उद्या मला वर्तमानपत्र आड येईल.

यातून बाबांचा पास वाचेलच असं मी म्हणत नाही. चूक त्यांच्या एकट्याची नव्हती एवढं ठरेल. तुझा पास काही दिवस थांबेल. किती दिवस ते मला सांगता येत नाही, आणि वहिनीचे दिवस जवळ आहेत हे मला माहीत आहे. म्हणून तुझ्या होकाराशिवाय मी ते देणार नाही.

पण निवेदनाच्या आधी दुसरी गोष्ट व्हायला हवी. बाबांना शपथेचं कळायला हवं, आणि ते आईकरवी नको. मी सांगू शकते. तू सांगितलंस तर बरं, कारण त्यांना जे विचारायचं आहे ते तुला विचारायचं आहे. खोलीत गेल्यावर त्यांनी डोळे मिटले तरी बोल. ते जागेच असतात.

मी शनिवारी, ७ तारखेला सकाळी पोचते. बाबांशी बोललास का, आणि निवेदनावर सही करणार आहेस का, हे दोन्ही मला गुरुवार, ५ मार्चपर्यंत कळव. पत्र वेळेत पोचणार नाही, फोन कर. गेटवरून केलास तरी चालेल.

धाकटी